लक्षण गुन्ह्याआधीचं की नंतरचं?

प्रश्न : आमच्या वाचनगटात एडगर ॲलन पो यांची ‘द टेल-टेल हार्ट’ वाचली. मारलेल्या म्हाताऱ्याच्या काळजाचे ठोके खुन्याला ऐकू येतात, ती त्याची सदसद्विवेकबुद्धी, असं बहुतेकांचं मत पडलं. दोघांना मात्र तो सरळ वेडा वाटला. हे ठरवायचं कसं?

पेन्सिल घ्या आणि कथेत आवाज जिथे जिथे ऐकू येतो तिथे खूण करा. पहिली खूण सुरुवातीलाच : स्वर्गातलं, पृथ्वीवरचं आणि नरकातलंही बरंच काही आपल्याला ऐकू येतं, असं निवेदक सांगतो. दुसरी आठव्या, म्हणजे खुनाच्याच रात्री : भिंतीतल्या लाकूड पोखरणाऱ्या किड्यांची टकटक आपण रात्रीमागून रात्री ऐकत आलो आहोत, असं तो जाता जाता बोलून जातो. हे वाक्य हमखास नजरेतून निसटतं. तिसरी म्हाताऱ्याला मारण्याच्या काही क्षण आधी : कापसात गुंडाळलेल्या घड्याळासारखा मंद, जलद आवाज. चौथी पोलिसांसमोर, आणि तिथे जवळपास शब्दशः तीच उपमा.

म्हणजे किड्यांची टकटक आणि घड्याळाचा आवाज दोन्ही खुनाआधीचे. ‘ठोके म्हणजे अपराधभाव’ हे वाचन फक्त चौथ्या खुणेवर उभं राहतं. आता त्या प्रसंगात निवेदकाचं मन पाहा. पोलीस आल्यावर तो निर्धास्त असतो, प्रेत पुरलेल्या फळ्यांवरच स्वतःची खुर्ची मांडतो. तो कोसळतो ते पोलिसांनाही आवाज ऐकू येतोय आणि ते मुद्दाम आपली थट्टा करताहेत, या समजुतीने. म्हाताऱ्याबद्दलची हळहळ त्या कबुलीत कुठेच नाही. आधीही ‘शेजाऱ्याला ऐकू जाईल’ याच भीतीने त्याने झडप घातली होती. माझं मत असं : आधी झपाटलेपण आहे, अपराधभाव असलाच तर तो नंतर त्याला येऊन चिकटतो. एक अडचण मात्र उरते. सगळी हकिगत तो खुनानंतर सांगतोय, त्यामुळे ‘आधी ऐकलं’ हेही त्याच्याच तोंडचं. गटात खरा वाद इथे घाला.

काळही ध्यानात घ्या. फ्रेंच वैद्य एस्किरोल यांनी मांडलेली ‘मोनोमेनिया’ ही कल्पना तेव्हा चर्चेत होती : एकाच विषयात मन बिघडलेलं, बाकी तर्क शाबूत. निवेदक ‘बघा, किती शांतपणे सांगतोय’ म्हणतो ते याच चौकटीत बसतं. वेडाच्या भरात केलेल्या गुन्ह्याची जबाबदारी ठरवणाऱ्या, इंग्लंडच्या कायद्यातल्या मॅकनॉटन नियमांचा दाखला मात्र इथे देऊ नका. कथा जानेवारी 1843 मध्ये छापली गेली, नियम त्यानंतर काही महिन्यांनी आले.

प्रश्न : शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ नाटकातल्या लेडी मॅकबेथचं हात चोळणं म्हणजे मंत्रचळच ना?

नाही. मंत्रचळात माणूस जागा असतो, बहुधा कृती निरर्थक आहे हे त्याला कळत असतं, तरी ती टाळता येत नाही. ही बाई झोपेत चालते आहे (अंक 5, प्रवेश 1). दासी सांगते की पाव-पाव तास हे चालतं, आणि बाईंजवळ सतत दिवा लागतो. त्याआधी अंक 2, प्रवेश 2 उघडा : राजाच्या खुनानंतर लगेच हीच बाई नवऱ्याला म्हणते, थोडं पाणी लावलं की झालं. जागेपणी झटकून टाकलेलं वाक्य झोपेत उलटून येतं. हे दोन प्रवेश एका बैठकीत लागोपाठ मोठ्याने वाचा. त्या झोपेतल्या प्रवेशात तिच्या तोंडी पद्य नाही, तुटक गद्य आहे, हे कानालाच कळतं. अपराधभावाचा पुरावा इथे पक्का आहे, कारण लक्षणाचं मूळ संहितेतच दाखवता येतं. नुसतं निदानाचं नाव चिकटवलं तर नेमकं हेच दिसेनासं होतं.

प्रश्न : दस्तयेवस्कींच्या कादंबरीत सावकारीण म्हातारीचा खून करणारा रास्कोल्निकोव गुन्हा कबूल करतो, म्हणजे त्याला पश्चात्ताप झालाच की?

‘क्राइम अँड पनिशमेंट’चा उपसंहार पुन्हा वाचा, पुष्कळजण तो घाईत उरकतात. आठ वर्षांची सक्तमजुरी भोगतानाही त्याला आपल्या कृत्यात घोर पाप दिसत नाही, दिसते ती फक्त चूक. सैबेरियात तो आजारी पडतो तो दुखावलेल्या अभिमानाने, असं दस्तयेवस्की स्पष्ट लिहितात. शरम आणि अपराधभाव इथे वेगळे धरा : शरम म्हणते ‘मी कमी पडलो’, अपराधभाव म्हणतो ‘मी तिला मारलं’. कबुलीच्या वेळी यातलं कोणतं वाक्य त्याच्या मनात आहे, ते प्रत्येक प्रसंगात तपासा. सोन्या या त्याच्यावर प्रेम करणाऱ्या मुलीच्या पायांशी तो रडतो तो क्षण शेवटच्या काही पानांत येतो, कबुलीनंतर कितीतरी महिन्यांनी.