डांबराची भेग भरते, बुजते की मिटते?

प्रश्न असा आला आहे : वाहनांच्या भाराने रस्त्याच्या डांबरात बारीक भेगा पडतात आणि भार थांबला, ऊन लागलं की त्यातल्या काही आपोआप नाहीशा होतात. याला इंग्रजीत ‘सेल्फ हीलिंग’ म्हणतात. मराठीत ‘स्वयं-उपचार’ म्हणावं का?

मला तो शब्द पटत नाही. उपचार कुणीतरी करतं, बरं होणं आपलं आपण घडतं, आणि इथे घडतं ते या दोनपैकी दुसरं. ‘स्वयंदुरुस्ती’तही करणारा डोकावतोच. मराठीत ‘मिटवणे’ला ‘मिटणे’ आणि ‘बुजवणे’ला ‘बुजणे’ अशा जोड्या तयार आहेत. त्यातलं दुसरं क्रियापद घेतलं की ‘स्वयं’ वेगळं लावावंच लागत नाही.

पण कोणतं घ्यायचं? ‘बुजणे’ नको, विहीर बुजते ती बाहेरची माती पडून. खड्ड्याला ते बरोबर आहे, कारण खड्डा आपोआप जात नाही, खडी-डांबर घालून बुजवावाच लागतो. ‘भरून येणे’ जखमेचं. तिथे नवं मांस येतं. डांबरात नवं काहीच तयार होत नाही. डांबर दिसायला घट्ट, तरी मुळात अतिशय संथ वाहणारा पदार्थ. त्याचंच भावंड असलेलं पिच हातोडीने काचेसारखं फुटतं. पण ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड विद्यापीठात १९२७ साली नरसाळ्यात ओतलेल्या पिचचे २०१४ पर्यंत ९ थेंब गळले. याच वाहण्यामुळे भेगेचे दोन्ही काठ एकमेकांना टेकतात, आणि मग एका काठाचे रेणू दुसऱ्यात शिरू लागतात. ऊब जितकी जास्त तितकं हे लवकर.

कणीक मळून ओल्या फडक्याखाली ठेवा. ठेवताना गोळ्यावर घड्यांच्या रेघा असतात. अर्ध्या तासाने फडकं काढलं तर रेघा पुसट झालेल्या असतात, आणि गोळा ओढला तरी तो त्या जुन्या घडीवर सुटत नाही. आपण याला ‘एकजीव होणे’ म्हणतो. डांबरासाठी मला हाच शब्द हवा आहे. काठ टेकले की भेग मिटली. पण नुसती मिटलेली भेग पुन्हा उघडू शकते. रेणू मिसळून ताकद परत आली की डांबर एकजीव झालं. विज्ञानातले हे दोन टप्पे मराठीत आधीच दोन वेगळे शब्द घेऊन बसले आहेत, याचा मला फार आनंद होतो.

मथळ्याला नामच हवं असेल तर ‘स्वसंधान’ घ्या. हाड सांधण्याला आयुर्वेदात भग्नसंधान म्हणतातच.

नेदरलँड्समध्ये फ्लिसिंगनजवळ ए-५८ महामार्गाच्या एका तुकड्यात २०१० साली डांबरात पोलादी तंतू मिसळले. वरून विद्युतचुंबकीय यंत्र फिरवलं की ते तंतू तापतात आणि त्यांच्याभोवतीचं डांबर सैलावतं. तिथे वाक्य असं लिहावं : अभियंते डांबर तापवतात, भेगा मिटतात, डांबर एकजीव होतं. करणारा फक्त पहिल्या क्रियापदात आहे.