हा तंबोरा तिकडे कुठून आला?

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे, हल्ली दिवसभर हेडफोन लावून बीटल्स हा इंग्लंडचा बँड आणि तसलं सायकेडेलिक, म्हणजे गुंगीत नेणारं रॉक ऐकत असतो. परवा मला एक गाणं ऐकवलं, 'टुमॉरो नेव्हर नोज', त्यात चक्क तंबोरा! आमचे हे म्हणतात ही हिप्पी लोकांची नशेतली गाणी, बंद करायला सांग त्याला. मी गाणं शिकलेय म्हणून विचारते, यात संगीत किती नि नशा किती?
- एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, तंबोरे घडवणाऱ्या मिरजेच्या माणसाला मी तंबोऱ्याचं काय सांगणार, जवारीवर, म्हणजे घोडीच्या घासलेल्या पृष्ठावर, तारेखाली सुताचा दोरा जरासा सरकवला की मुकी तार कशी एकदम बोलायला लागते ते तुम्ही घरोघरी बघितलं असेल. बीटल्समधला गिटारवादक जॉर्ज हॅरिसन याच आवाजाच्या प्रेमात पडला होता. हे गाणं १९६६ च्या 'रिव्हॉल्व्हर' अल्बममधलं शेवटचं. त्यांच्या गाण्यात कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेले सुरांचे गुच्छ, सारख्या बदलतात, इथे मात्र जवळजवळ सगळं गाणं एकाच सुरावर उभं आहे, आपण षड्ज धरून बसतो ना तसं. आणि वरून जे पक्ष्यांसारखे चित्कार येतात ते टेपच्या तुकड्यांची टोकं जोडून केलेल्या गोल पट्ट्यांचे, त्या एकाच वेळी वेगवेगळ्या मशीनवर फिरवल्या आणि पट्टी ढिली पडू नये म्हणून स्टुडिओतली माणसं पेन्सिलीत अडकवून ती ताणून धरून उभी होती! बीटल्सचा गायक जॉन लेनन, त्याचा आवाज तर ऑर्गनच्या गोल फिरणाऱ्या स्पीकरमधून काढलाय. एवढी खटपट झिंगून होत नाही हो.

पण नशा नव्हतीच असं मी म्हणणार नाही. या गाण्याच्या शब्दांमागेच एलएसडी हे भास घडवणारं नशेचं रसायन आहे, मुलाशी हे सरळ बोला, लपवू नका. पंडित रविशंकर जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात मॉन्टेरेच्या फेस्टिव्हलला वाजवायला गेले, तबल्यावर अल्लारखाँसाहेब, पोरं अक्षरशः वेडी झाली, पण नशा करून सतार ऐकायला बसणाऱ्यांचा पंडितजींना मनापासून राग यायचा आणि ते तसं उघड बोलायचे. मला त्यांचंच पटतं.

हिप्पी म्हणजे नुसते गांजेकस हेही खरं नाही. व्हिएतनामच्या लढाईसाठी तिकडे पोरांना सक्तीने सैन्यात घेत होते, त्याला यांचा विरोध होता, सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-ॲशबरी भागात डिगर्स नावाची मंडळी रोज फुकट जेवण वाटायची. पुढे तिथे इतकी गर्दी, इतकी नशा वाढली की ऑक्टोबर १९६७ मध्ये तिथल्याच लोकांनी 'हिप्पी मेला' म्हणून शवपेटी घेऊन अंत्ययात्रा काढली.

तर गाणं बंद करू नका. एक करा, त्याला हेडफोन काढायला सांगा, गाणं स्पीकरवर लावा आणि सूरपेटी पांढरी एकला ठेवून सोबत षड्ज धरा. ह्यांनाही बोलवा ऐकायला.