मुलाच्या हातात फोन, दारात पोलीस, घरात कुत्रा

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. त्याला स्वतःचा फोन नाही, माझाच वापरतो. शाळेचा अभ्यास व्हॉट्सॲपवर येतो, त्यामुळे फोन द्यावाच लागतो. मग अभ्यासाच्या नावाखाली यूट्यूब आणि गेम सुरू होतात. सगळे सांगतात, ‘फॅमिली लिंक’ टाका. ते नेमकं कुठे टाकायचं? त्यात सगळं दिसतं का?
– एक आई, नाशिक

उत्तर : फॅमिली लिंक हे मुलाच्या फोनवर लक्ष ठेवायचं गूगलचं ॲप. ते दोन फोन गृहीत धरतं. एक पालकाचा, दुसरा मुलाचा, आणि मुलाच्या फोनवर त्याच्या खऱ्या वयाचं गूगल खातं. तुमच्याकडे फोन एकच आणि खातंही तुमचंच, म्हणून आज ते टाकून फारसा उपयोग नाही. तो तुमच्या खात्यावरून यूट्यूब बघतो तेव्हा यूट्यूबच्या लेखी बघणारी व्यक्ती मोठी असते, आणि पुढचे व्हिडिओ त्याच हिशेबानं समोर येतात.

एकाच फोनवर भागवायचं असेल तर सुरुवात लॉकपासून करा. फोनचा पिन बदला, आणि मुलाचं बोट फिंगरप्रिंटमध्ये नोंदवलेलं असेल तर तेही काढून टाका. मग सेटिंग्जमध्ये सुरक्षेच्या भागात ‘ॲप पिनिंग’ (काही फोनवर ‘स्क्रीन पिनिंग’) सुरू करा आणि त्याखालचा ‘अनपिन करण्यापूर्वी पिन विचारा’ हा पर्यायही चालू करा. हा दुसरा पर्याय बहुतेकांच्या नजरेतून सुटतो, आणि मूल दोन बटणं दाबून बाहेर पडतं. पिन केल्यावर फोन त्या एकाच ॲपमध्ये अडकून राहतो. मात्र व्हॉट्सॲप पिन करून हातात देऊ नका, तुमच्या सगळ्या गप्पा त्याच्यासमोर उघड्या राहतील. अभ्यासाची पीडीएफ आधी उतरवून घ्या, फाइलच्या ॲपमध्ये उघडा आणि मग पिन करा.

यूट्यूबऐवजी यूट्यूब किड्स टाका. त्यात नऊ ते बारा असा वेगळा वयोगट आहे, शोध बंद करता येतो, आणि हवं तर तुम्ही मंजूर केलेले चॅनेल तेवढेच दिसतील अशी सोयही आहे. सुरुवातीला ते ॲप गुणाकार विचारून ‘तुम्ही पालक आहात ना’ याची खात्री करतं. पाचवीतल्या मुलाला पाढे येतात, म्हणून स्वतःचा चार आकडी पासकोड लावा.

पैशांची बाजू अजिबात सैल सोडू नका. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लावा. यूपीआयचा पिन मुलं शेजारी बसून बघून पाठ करतात. तो बदला, आणि यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’खाली तुम्ही न दिलेली एखादी परवानगी दिसते का ते बघा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आहे. त्यामुळे ‘शंभर भरा, पाचशे जिंका’ म्हणणारं ॲप कुणी लिंक पाठवून उतरवायला सांगत असेल, तर त्यात काळंबेरं आहे असंच धरा.

पुढे त्याला वेगळा फोन द्याल तेव्हा फॅमिली लिंक जरूर वापरा. आधी स्वतःच्या फोनवर टाका, तिथूनच त्याचं खातं उघडा आणि जन्मतारीख खरी द्या. घाईत वय वाढवून टाकलं की खातं मोठ्या माणसाचं होतं आणि मुलांसाठीची मूळ बंधनं लागतच नाहीत. त्या फोनवर आई-बाबांचं, ताईचं असं दुसरं कुठलंही खातं ठेवू नका. मूल त्याच खात्यात शिरून बंधनाबाहेर जातं. एवढं केलंत की रोजची वेळमर्यादा, रात्री फोन बंद होण्याची वेळ, नवीन ॲपला मंजुरी आणि फोन कुठे आहे हे तुमच्या हातात येतं.

तरीही सगळं दिसत नाही. व्हॉट्सॲपवर कोण काय म्हणालं, खेळताना अनोळखी माणसानं काय विचारलं, मित्राच्या फोनवर काय पाहिलं, यातलं काहीही फॅमिली लिंक दाखवत नाही. ती जागा बोलण्यानंच भरते. फोन वापरायची जागा दिवाणखाना ठेवा. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं त्याच्याशेजारी बसा आणि तो काय खेळतो ते त्यालाच दाखवू द्या. त्याला स्पष्ट शब्दांत सांगा, ‘काही विचित्र घडलं आणि तू मला सांगितलंस, तर मी फोन काढून घेणार नाही.’ हा शब्द पाळणं कुठल्याही ॲपपेक्षा मोलाचं आहे. फोन जाईल या भीतीनं मुलं गप्प बसतात, आणि धमकावणारा नेमकी हीच भीती वापरतो.

कुणी धमकावलंच, तर संवाद पुसू नका, पैसे देऊ नका. समोरच्याचं युजरनेम, प्रोफाइलची लिंक आणि तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या आणि मगच ब्लॉक करा. आधी ब्लॉक केलं की कित्येकदा प्रोफाइल दिसेनासं होतं. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. पैसे गेले असतील तर एक मिनिट न दवडता १९३० ला फोन करा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधीच थोपवता येते. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. मुलाचा नको तसा फोटो कुणाच्या हाती लागला असेल, तर तो पुरावा म्हणून नातेवाइकांना किंवा सोसायटीच्या गटात पाठवू नका; तसं पाठवणं हाच गुन्हा ठरतो. ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे. त्यात फोटो कुणाला द्यावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्याची एक सांकेतिक खूण तयार होते आणि त्या खुणेवरून सेवेत सामील असलेली संकेतस्थळं तो फोटो हुडकून काढून टाकतात.

प्रश्न : आमचा मुलगा तेरा वर्षांचा आहे. रोब्लॉक्स हा ऑनलाइन गेम खेळतो, आता डिस्कॉर्ड (गप्पांचं ॲप) आणि लाइव्ह स्ट्रीमिंग मागतोय. त्याच्या ओळखीतल्या एका मुलाच्या घरी कुणीतरी केलेल्या खोट्या फोनमुळे रात्री हत्यारबंद पोलीस आले. आमच्याकडे लॅब्रॅडॉर कुत्री आहे, बेल वाजली की धावत दाराशी जाते. अशा वेळी पोलीस कुत्र्यावर गोळी झाडतात असं ऐकलं. काय तयारी ठेवावी?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे. या प्रकाराला अमेरिकेत ‘स्वॉटिंग’ म्हणतात. कुणाच्या तरी पत्त्यावर गोळीबार झाला, ओलीस धरले, असं खोटंच ९११ या तातडीच्या नंबरवर कळवायचं आणि सशस्त्र पथक त्या घरी पाठवायचं. २८ डिसेंबर २०१७ ला कॅन्ससमधल्या विचिटा शहरात एका व्हिडिओ गेमच्या वादातून असा फोन गेला. दिलेला पत्ता जुना होता. खेळाशी काही संबंध नसलेला २८ वर्षांचा तरुण दार उघडून बाहेर आला आणि पोलिसांच्या गोळीनं मरण पावला. लॉस एंजेलिसहून फोन करणाऱ्याला २०१९ मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. आणि त्याच विचिटात दोनच दिवसांनी, दुसऱ्याच एका घरात, एका पोलिसानं कुत्र्यावर झाडलेल्या गोळ्यांचे तुकडे उडून नऊ वर्षांची मुलगी जखमी झाली. घरात कुत्र्यावर गोळी चालते तेव्हा धोका फक्त कुत्र्याला नसतो. तुमच्या तयारीत मुलालाही घ्यायचं ते यासाठी.

आधी पत्ता झाका. बहुतेक मुलं सगळीकडे एकच युजरनेम वापरतात. त्यावरून शाळेचा संघ, संघावरून गाव, गावावरून आडनाव आणि मग लोकांचे पत्ते विकणारी संकेतस्थळं, अशी साखळी जुळते. मराठी आडनाव तिकडे विरळ असल्यानं तुमचं घर आणखी लवकर सापडतं. म्हणून खेळासाठी वेगळं युजरनेम घ्या. पत्ते विकणाऱ्या संकेतस्थळांवर नाव वगळण्याचा अर्ज असतो, तो एकेका ठिकाणी भरा, आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासा, कारण नोंद परत उगवते. स्ट्रीमिंगला तूर्त नाही म्हणा, असंच आमचं मत आहे. द्यायचंच ठरलं, तर कॅमेऱ्यात खिडकी, पार्सलचा खोका, शाळेची जर्सी यायला नको, आणि प्रक्षेपण काही मिनिटं उशिरानं जाईल असं लावा. ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ खाली ती सोय आहे. रोब्लॉक्सला तुमचं पालक-खातं जोडा. डिस्कॉर्डचं ‘फॅमिली सेंटर’ मुलगा कुणाशी बोलला हे दाखवतं, काय बोलला ते नाही.

पोलिसांच्या बिगर-तातडीच्या नंबरवर फोन करा आणि ‘मुलाला स्वॉटिंगची भीती आहे, घरात कुत्रा आहे’ अशी नोंद तुमच्या पत्त्यापुढे करता येईल का ते विचारा. काही शहरांत ‘स्मार्ट ९११’ वर स्वतःच अशी माहिती भरता येते. सिअ‍ॅटल पोलिसांनी २०१८ पासून स्वॉटिंगसाठी हीच वाट वापरली आहे. तुमच्या गावात ती सेवा आहे का, ते त्याच फोनवर कळेल.

आता कुत्री. दारातून कुत्रा सुटून पोलिसाच्या अंगावर धावतो तेव्हा निर्णय एखाद्या सेकंदात होतो. लॅब्रॅडॉर प्रेमानं धावते हे तुम्हाला माहीत असतं, अंधारात उभ्या अनोळखी माणसाला नसतं. म्हणून दार आणि कुत्री यांच्यामध्ये कायम एक अडसर हवा. मुख्य दारापासून आत, तिला ओलांडता येणार नाही इतक्या उंचीचं फाटक बसवा. दाराजवळ खुंटीला पट्टा टांगलेला ठेवा. ‘घरात कुत्रा आहे’ अशी पाटी दर्शनी लावा.

बेल वाजली की तिनं दाराकडे न जाता चटईवर जायचं, हे शिकवता येतं. दारापासून लांब, आतल्या खोलीत चटई टाका. फोनवर बेलचा आवाज अगदी हळू वाजवा, चटईवर नेऊन खाऊ द्या. रोज पाच मिनिटं, आठ-दहा वेळा. आवाज वाढवत न्या, मग खरी बेल, मग बेल आणि दार उघडणं. एखाद्या पायरीवर ती सलग दोनदा धावत सुटली, तर तुम्ही घाई केलीत. एक पायरी मागे या. बहुतेक घरांत गाडी इथेच अडते, कारण पाहुणे आले की सगळे मिळून तिला दाराशी लाडानं बोलावतात.

रात्री खरंच पोलीस आले, तर वेळ असेल तेवढ्यात कुत्रीला खोलीत घालून दार लावा. दिवे लावा. हात रिकामे आणि दिसतील असे ठेवा, फोनही हातात नको. पहिलंच वाक्य मोठ्यानं : ‘डॉग इज लॉक्ड इन द बॅक बेडरूम.’ ती सुटलीच, तर तिच्यामागे धावू नका. ‘प्लीज, लेट मी लीश माय डॉग’ म्हणा आणि होकार येईपर्यंत हलू नका. मुलाला सांगून ठेवा की कुत्रीला वाचवायला त्यानं मध्ये यायचं नाही. हे सगळ्यात कठीण आहे, म्हणून शांतपणे, आधी, दोन-तीनदा बोला.

कायद्याचं थोडक्यात. कुत्रा तिथे मालमत्ता मानला जातो, पण त्याला मारणं ही अमेरिकी घटनेच्या चौथ्या दुरुस्तीखाली (ती अवाजवी झडती-जप्तीपासून संरक्षण देते) ‘जप्ती’ ठरते. न्यू जर्सी ज्या अपील न्यायालयाच्या कक्षेत येते त्यानं २००१ मध्ये, पेनसिल्व्हेनियातल्या एका रॉटवायलरच्या खटल्यात, हे स्पष्ट केलं : तत्काळ धोका नसताना आणि मालक कुत्र्याला ताब्यात घ्यायला तयार असताना गोळी घालणं अवाजवी. तिथे मालकीण खिडकीतून ओरडून सांगत होती. म्हणूनच ‘मी तिला धरते’ हे मोठ्यानं म्हणण्याला पुढे न्यायालयातही वजन असतं. उलट, २०१६ मध्ये मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या खटल्यात, वेगळ्या अपील न्यायालयानं, झडतीत मारलेल्या दोन पिटबुलांबाबत पोलिसांची बाजू मान्य केली. कुत्र्यांना कसं सामोरं जायचं याचं प्रशिक्षण कोलोरॅडोनं २०१३ मध्ये आणि टेक्ससनं २०१५ मध्ये पोलिसांना सक्तीचं केलं. तुमच्या पोलीस ठाण्यात ते दिलं जातं का, हे नगर परिषदेच्या सभेत विचारायला हरकत नाही.

दुर्दैवानं काही घडलंच, तर पशुवैद्याकडून शवविच्छेदन करून लेखी अहवाल घ्या, गळपट्टा आणि दाराचे फोटो जपा, आणि अंगावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण लगेच लेखी अर्जानं मागा, कारण ते ठरावीक काळानं पुसलं जातं. न्यू जर्सीत सरकारी यंत्रणेविरुद्ध भरपाईची नोटीस ९० दिवसांत द्यावी लागते. शोकात ही मुदत सहज निघून जाते.

प्रश्न : शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून आलेल्या पोलिसानं आमच्या बांधलेल्या कुत्र्याला काठीनं मारलं, पाय मोडला. तक्रार घेत नाहीत. काय करू?
– एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : आधी उपचार. माणसांची वेदनाशामक गोळी, पॅरासिटामॉलसुद्धा, घरी देऊ नका. कुत्र्यांना ती विषारी ठरू शकते. एक्स-रे आणि पशुवैद्यकाचं तारीख घातलेलं प्रमाणपत्र घ्या, त्यात इजा कशी झाली असावी हे लिहून मागा. साखळी, भिंत आणि कुत्रा एकाच चौकटीत येईल असा फोटो काढा. तो बांधलेला होता, हाच तुमचा मुख्य मुद्दा आहे.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे प्राण्याला खोडसाळपणे मारणं, विष घालणं किंवा अपंग करणं याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहेत, आणि गुन्हा दखलपात्र आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ ही जोडीला घाला, पण केवळ त्यावर विसंबू नका. पहिल्या गुन्ह्याला तिथे दंडच १० ते ५० रुपये आहे.

अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. ठाण्यात घेतला नाही, तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टानं पाठवा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) मध्ये तशी तरतूद आहे. तिथेही हललं नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, आणि त्यासाठी पोस्टाची पावती लागते. सोबत रेबीजच्या लशीचं कार्ड आणि तुमच्या नगरपालिकेत परवाना लागत असेल तर तोही लावा, कारण समोरून कलम २९१, म्हणजे प्राण्याबाबत निष्काळजीपणा, पुढे केलं जाण्याची शक्यता आहे.