सूप घट्ट कशाने झालंय?

तुझा मेसेज वाचला. रात्रीचं जेवण बंद केलंस, नुसतं सूप पितोस, तरी दोन तासांनी शुगरच्या मीटरवर २१० येतात, म्हणून आता काही पाळून उपयोगच नाही असं तुला वाटायला लागलंय. अरे पण त्या सूपमध्ये काय होतं ते एका शब्दाने सांगितलं नाहीस! सूप म्हटलं की हलकं, हे कुणी ठरवलं? ते घट्ट कशाने झालं ते सांग आधी.

एक टेबलस्पून कॉर्नफ्लॉवर म्हणजे साधारण ७ ग्रॅम कार्ब्स, आणि बाहेरच्या सूपमध्ये एकच चमचा घालतात असं थोडंच आहे, वर स्वीट कॉर्न, बटाटा, नूडल्स आणि चवीला साखर असतेच. पॅकेटवाल्यात बऱ्याचदा माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली पावडर असते, ती फारसं गोड लागत नाही म्हणून कुणाला संशय येत नाही पण शुगर ग्लुकोजसारखीच भराभर चढवते. आणि घरी भाज्या शिजवून, गाळून चोथा फेकतोस ना, तिथे फायबर गेलं. गाळू नकोस. घट्टच हवं असेल तर त्याच भाज्या घोट, नाहीतर थोडी डाळ वाटून घाल, डाळीतही कार्ब्स आहेत, ते धरायचे, पण सोबत प्रोटीन आणि फायबर येतं. अंडं, चिकन, टोफू काहीतरी असू दे त्यात, नुसत्या पाण्यावर रात्र निघत नाही.

लोक मला किरकिरी म्हणतात. कुठेही गेले तरी आधी विचारते, घट्ट कशाने केलंय? एका मैत्रिणीकडे मी वाडगा तसाच परत केला, ती दुरावली ती दुरावलीच, त्याचं वाईट वाटतं मला, खूप वाटतं. पण परत केला ते बरोबरच होतं, शुगर माझी चढणार होती, तिची नाही.

आता तू लगेच म्हणशील की मग पातळ ब्रॉथच, म्हणजे भाज्या किंवा चिकन उकळून गाळलेलं पाणीच पितो. पी, त्यात कार्ब्स जवळजवळ नसतात, पण मीठ बघ. दिवसभराचं मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवा असं डब्ल्यूएचओ सांगते, आणि क्यूब किंवा पॅकेटचा ब्रॉथ त्यातला मोठा वाटा एका वाडग्यातच संपवतो. कमी सोडियमचं मीठ आणशील तर त्यात पोटॅशियम असतं, किडनीचा त्रास किंवा बीपीच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि इन्सुलिन किंवा शुगर उतरवणारी गोळी घेऊन नुसत्या ब्रॉथवर झोपायचं नाही, रात्री शुगर खाली जाऊ शकते. ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर लगेच घ्यायची, १५ मिनिटांनी परत मोजायचं, तेव्हा सूप गरम करत बसू नकोस. डोस मात्र स्वतःच्या मनाने बदलायचा नाही, कळलं?

उद्या तेच सूप कॉर्नफ्लॉवर न घालता कर, पहिल्या घोटापासून दोन तासांनी मोज, बहुतेकांसाठी १८० च्या आत हवं, तुझा आकडा डॉक्टरांनी वेगळा दिला असेल तर तो धर. आणि त्या पॅकेटच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव मला, समोरच्या चित्राचा नको.