डोळा लागतो, पण तीनला टक्क जाग

प्रश्न : सियागंजात माझं किराण्याचं ठोक दुकान आहे. मार्चअखेरीस हिशेबांचा ताण आला की अकराला झोप लागते, पण तीनच्या सुमारास टक्क जाग येते. झोपेची गोळी घेऊ का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : दिवसभर मेंदूत ॲडिनोसिन हे झोप आणणारं रसायन साठतं, त्याच्या जोरावर ताण असूनही डोळा लागतो. तीनपर्यंत तो साठा बराच ओसरतो, आणि त्याच सुमारास कॉर्टिसॉल हे जागं करणारं संप्रेरक चढू लागतं. हे चढणं रोजचंच. ताणात मात्र मेंदूच्या देठातलं एक निळसर केंद्र, जे रात्री शांत व्हायला हवं, ते नॉरॲड्रेनॅलिन हे सावध ठेवणारं रसायन सोडत राहतं. मग कूस बदलतानाची, एरवी लक्षातही न राहणारी जाग पक्की होते आणि उधारीचे आकडे डोळ्यांपुढे येतात.

घड्याळ पाहू नका. अंदाजे २० मिनिटांत झोप आली नाही तर उठा, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं वाचा (खातेवही नको!), डोळे जड झाले की परत आडवे व्हा. उठायची वेळ रविवारीही तीच. देणी-घेणी संध्याकाळीच कागदावर उतरवा. शेवटचा चहा दुपारी दोनच्या आत : चहातलं कॅफिन मेंदूत ॲडिनोसिन जिथे काम करतं त्याच जागा अडवतं आणि पाच-सहा तासांनीही साधारण निम्मं अंगात उरतं.

गोळी स्वतःहून नकोच. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय लागते, अचानक सोडल्यास झोप आणखी बिघडते. आठवड्यातून तीन रात्री असं तीन महिने चाललं तर डॉक्टरांना भेटा. जोरात घोरत असाल किंवा मन उदास असेल तर लगेच.