वेरूळचं कैलास लेणं खरंच माणसांनी कोरलं का?

हो, माणसांनीच. ते परग्रहवासीयांनी घडवलं असं काही जण म्हणतात, पण तसं नाही. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात. वेरूळला गेलात तर देवळाच्या मागच्या बाजूला जा आणि कड्याकडे नीट बघा. सुमारे ३० मीटर उंच आहे तो. त्या कातळावर टाकीचे घाव अजून स्पष्ट दिसतात, ओळीने. काम कळसापासून खाली कोरत आणलं, म्हणून पायाड बांधायची फारशी गरजच पडली नाही.

राष्ट्रकूटांच्याच गुजरात शाखेतल्या कर्क राजाच्या बडोदा ताम्रपटात (इ.स. ८१२-१३) या देवळाचं वर्णन आहे: विमानातून जाणारे देव थक्क झाले आणि घडवणाऱ्यालाच प्रश्न पडला, हे माझ्या हातून झालं तरी कसं! परग्रहवासीयांना श्रेय दिलं की मला त्या पाथरवटांसाठी फार वाईट वाटतं.