तुर्कीला गेल्यावर कबाब आणि बकलावा सोडून अजून कोणते पारंपरिक पदार्थ खायलाच हवेत?

तुम्ही लिहिलंय की इस्तंबूल, कापादोक्या आणि अंताल्या असा दौरा आहे, तुम्ही सगळं खाता पण सोबत तुमच्या आई आहेत आणि त्या शाकाहारी आहेत, तर काय काय खावं. मी कामानिमित्त इस्तंबूलला राहिलेय आणि ऑफिसमधल्या तुर्की मैत्रिणींबरोबर दुपारचं जेवण बाहेरच व्हायचं, त्यामुळे तिथली माणसं रोज काय खातात ते जवळून बघायला मिळालं. आईंची काळजी अजिबात करू नका. कबाबचा देश म्हणून नाव झालंय खरं, पण घराघरात भाजी, डाळी, कडधान्य आणि दही भरपूर असतं, फक्त ते टुरिस्ट एरियातल्या हॉटेलात नीट मिळत नाही.

म्हणून पहिली गोष्ट, दुपारचं जेवण 'एस्नाफ लोकांता'मध्ये करा. म्हणजे आसपासचे दुकानदार, कारागीर, बँकेतले लोक जिथे जेवतात ती साधी खानावळ. काचेच्या मागे मोठमोठ्या ट्रेमध्ये त्या दिवशी शिजवलेलं सगळं मांडून ठेवलेलं असतं, भाषा येत नसली तरी बोट दाखवायचं, ते ताटलीत वाढून देतात, ब्रेड टेबलावर असतोच. साडेबारा-एकला पोचा, कारण चांगले पदार्थ दोन-अडीचपर्यंत संपतात आणि बऱ्याच लोकांता संध्याकाळी बंदच असतात.

तिथे आईंसाठी शोधायचा शब्द म्हणजे 'झेयतिनयाली', ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या. श्रावणघेवड्यासारख्या हिरव्या शेंगा टोमॅटो-कांद्यात, आर्टिचोक (फुलाच्या कळीसारखी भाजी), गाजर आणि थोडे तांदूळ घालून केलेली लीक (जाड कांद्याच्या पातीसारखी भाजी), असं बरंच काही. हे पदार्थ थंडच वाढतात, गरम करून मागू नका, ऑलिव्ह तेल लोण्यासारखं थिजत नाही म्हणून थंड खाल्लं तरी तोंडात तेलकट थर बसत नाही आणि दुसऱ्या दिवशी चव अजून मुरते. यातलं सगळ्यात भारी म्हणजे 'इमाम बायिल्दी', अख्खं वांगं मधे चिरून त्यात भरपूर कांदा, लसूण, टोमॅटो भरून तेलात इतकं मऊ शिजवतात की काट्याने नुसतं दाबलं तरी तुटतं. पण इथे एक सांभाळा, ट्रेमध्ये शेजारीच 'कार्नियारिक' ठेवलेलं असतं, दिसायला जवळपास तसंच वांगं आणि आत खिमा! विचारल्याशिवाय बोट दाखवू नका. द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्यांचंही तेच, 'यापराक सारमा' थंड असेल तर आत बहुतेक भात, छोटे मनुके, चिलगोज्यासारखे पाइन नट असतात, गरम आणि वर दही घातलेली असेल तर खिमा असण्याची शक्यता जास्त.

अजून एक मोठी अडचण म्हणजे मटणाचं किंवा कोंबडीचं पाणी. मसूर डाळीचं सूप, 'मेर्जिमेक चोर्बासी', सगळ्या देशात सकाळ-संध्याकाळ मिळतं, वरून लिंबू पिळायचं आणि लाल मिरचीचा चुरा घालायचा, थंडीत याच्याइतकं सुख नाही, पण काही ठिकाणी ते हाडांच्या पाण्यात शिजवतात. भाताचं, म्हणजे 'पिलाव'चं, पण तसंच, बऱ्याचदा कोंबडीच्या पाण्यात असतो. 'एत सुयू वार म?' एवढं विचारायला शिका, म्हणजे यात मांसाचं पाणी आहे का. 'एत्सिझ' म्हणजे मांस नसलेलं. पण नुसतं एत्सिझ म्हणून थांबू नका, कारण कितीतरी लोकांच्या डोक्यात 'एत' म्हणजे लाल मांस, कोंबडी त्यात येत नाही, म्हणून 'तावुक'ही नको असं वेगळं सांगायचं.

इस्तंबूलमध्ये सुलेमानिये मशिदीसमोर पांढऱ्या राजम्याची दुकानं ओळीने आहेत, 'कुरु फासुल्ये' आणि पिलाव, सोबत लोणच्यासारखी आंबवलेली 'तुर्शू' आणि आयरान म्हणजे खारं ताक. तुर्की माणसाला परदेशात राहून घरच्या जेवणाची आठवण आली की बहुतेक वेळा पहिलं नाव याचंच निघतं. तुम्ही नक्की खा, आईंसाठी मात्र आधी विचारा, कारण यात मांसाचे तुकडे किंवा पास्तिर्मा, म्हणजे मसाला लावून सुकवलेलं मांस, घालायची पद्धत आहे.

नाश्ता एक दिवस तरी निवांत करा, घाईत नाही. रविवारी तिथली कुटुंबं दोन-दोन तास बसतात, टेबलावर चीजचे चार प्रकार, काळी-हिरवी ऑलिव्ह, काकडी-टोमॅटो, मुरांबे, अंडी आणि चहा संपतच नाही. यात 'बाल-कायमाक' असेल तर सोडू नका, म्हशीच्या दुधाची घट्ट साय आणि त्यावर मध, ब्रेडला लावून. अफ्योनकाराहिसारची साय सगळ्यात नावाजलेली. मेनेमेन म्हणजे टोमॅटो आणि हिरव्या मिरच्यांत शिजवलेली अंडी, त्यात कांदा घालायचा की नाही यावरून तिथे खरंच वाद होतात, २०१८ मध्ये वेदात मिलोर नावाच्या खाद्यसमीक्षकाने ट्विटरवर पोल घेतला तर ४ लाखांवर लोकांनी मत दिलं आणि कांदावाले अगदी थोडक्यात जिंकले. मला बिनकांद्याचं आवडतं, टोमॅटोची आंबट चव स्वच्छ लागते. आई अंडी खात नसतील तर त्यांच्यासाठी ग्योझलेमे, पातळ लाटलेली पोळी, आत पालक किंवा चीज किंवा बटाटा, मोठ्या तव्यावर भाजलेली, बऱ्याच ठिकाणी बायका समोरच बसून लाटत असतात.

आता कापादोक्या. तिकडची बरीच विमानं कायसेरीला उतरतात आणि लोक तिथून सरळ बलूनच्या गावाकडे गाडी पळवतात, हे करू नका, कायसेरीत एक जेवण करा कारण हे मांतीचं गाव आहे. मांती म्हणजे खिमा भरलेल्या इवल्याशा पुड्या, इतक्या लहान की चांगल्या सुगरणीच्या एका चमच्यात ४० मावतात असं तिथे म्हणतात. उकडलेल्या पुड्यांवर लसूण घातलेलं दही, आणि शेवटी बटर तापवून त्यात लाल मिरची टाकतात आणि आपण कढीला वरून फोडणी देतो तसं ते त्या पांढऱ्या दह्यावर ओततात, लाल ओघळ सगळीकडे पसरतात, वर सुकवलेला पुदिना. पहिला घास गार दही, गरम बटर आणि आतला खिमा असा एकदम येतो. कुणाला जबरदस्तीने एकच तुर्की पदार्थ खायला घालायचा असेल तर मी हाच घालेन. घरी हे करायचं म्हणजे तीन-चार बायका टेबलाभोवती बसून दुपारभर पुड्या वळतात, मी पण बसलेय त्यांच्यात, आणि त्या गप्पांशिवाय मांती होतच नाही असं माझं मत आहे. बटाटा किंवा डाळ भरलेली मांतीही असते पण सगळीकडे नाही, आधी विचारा. कापादोक्यात मडकं फोडून देतात तो 'तेस्ती कबाब' फोटोसाठी छान आहे, चव कुठे खाता त्यावर अवलंबून, मी त्यासाठी जीव टाकणार नाही.

अंताल्याला गेलात की 'पियाझ' मागवा. बाकी तुर्कीत पियाझ म्हणजे राजम्याचं साधं सॅलड, पण अंताल्यात त्यावर तीळ वाटून केलेला ताहिनीचा सॉस असतो, लसूण, व्हिनेगर, लिंबू घालून, घट्ट आणि आंबट. वर उकडलेलं अंडं असतं, आईंसाठी काढायला सांगा. यावर त्यांचं पूर्ण जेवण होईल.

तुम्ही कबाब सोडून विचारलंत तरी दोन कबाबांबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. आदाना कबाबचं मटण मशीनमधून काढत नाहीत, 'झिर्ह' नावाच्या मोठ्या बाकदार सुरीने हाताने चिरतात, त्यात मेंढीच्या शेपटीची चरबी आणि लाल मिरची, म्हणून प्रत्येक घासात मटणाचे कण वेगळे जाणवतात. आणि बुर्साचा इस्केंदेर, ब्रेडच्या तुकड्यांवर दोनेर, म्हणजे उभ्या सळईवर भाजून पातळ कापलेलं मांस, टोमॅटोचा सॉस, बाजूला दही, आणि वेटर कढईतून चरचरणारं बटर टेबलावरच आणून ओततो. हे दोन्ही इस्तंबूलमध्ये मिळतात. आदानाबरोबर 'शालगाम' मागवा, जांभळ्या गाजरांचं आंबवलेलं खारट पाणी, पहिल्या घोटाला विचित्र लागेल, तिसऱ्या घोटाला कळेल की चरबीदार मटणाबरोबर हेच का पितात.

रस्त्यावरचं म्हणाल तर सिमित, तीळ लावलेला कड्यासारखा गोल ब्रेड, कुठेही घ्या, आणि 'चिय क्योफ्ते' आईंना खायला द्या. मूळचा पदार्थ कच्च्या मटणाचा, पण आता साखळी दुकानांत जो मिळतो तो बिनमांसाचा असतो, बुलगुर म्हणजे गव्हाचा बारीक दलिया, टोमॅटोची पेस्ट, उर्फाची काळपट मिरची एकत्र मळून, लेट्युसच्या पानात लिंबू पिळून खायचा. आपल्या तिखट जिभेला तुर्की जेवणातलं हे पटकन आवडतं. दुकान साखळीचं नसेल तर मात्र एत्सिझ का ते विचाराच. तुम्ही स्वतः 'मिद्ये दोल्मा' खा, भात भरलेले शिंपले, पण गर्दी असलेल्या, माल पटापट संपणाऱ्या विक्रेत्याकडेच.

दोन दिवस वाढवता आले तर, नाहीतर अंताल्यातला एक दिवस कमी करून, गाझियान्तेपला जा, इस्तंबूलहून विमानाने दोन तासांच्या आत. २०१५ पासून ते युनेस्कोच्या खाद्यसंस्कृतीच्या शहरांत आहे आणि तिथल्या बकलाव्याला २०१३ मध्ये युरोपियन युनियनचं भौगोलिक मानांकन मिळालं, तुर्कीचा तो पहिला पदार्थ. लवकर तोडलेला, गर्द हिरवा पिस्ता आणि मेंढी-बकरीच्या दुधाचं तूप, त्यामुळे बाहेरच्या बकलाव्याशी त्याची तुलनाच होत नाही. तुकडा उलटा करून खालची बाजू टाळूला लागेल असा खातात, तसा खाऊन बघा. सकाळी 'कात्मेर' खा, पिस्ता आणि साय भरलेली कागदासारखी पातळ पोळी. फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात या भागाने फार सोसलंय, शेजारच्या हातायमधलं अंताक्या शहर तर उद्ध्वस्त झालं, आणि 'क्युनेफे' हा गरम चीजचा गोड पदार्थ त्याच अंताक्याचा. इस्तंबूलमध्ये अंताक्याच्या लोकांचं दुकान दिसलं तर तिथेच खा, असं मला मनापासून वाटतं.

गोडातलं एकच सांभाळायचं, 'तावुक ग्योसू' नावाची पांढरी दुधाची खीर दिसते ना, त्यात कोंबडीच्या मांसाचे तंतू असतात, चवीला अजिबात कळत नाही, त्यामुळे आईंना देऊ नका, आणि 'काझानदिबी'ही तिचाच खरपूस भाऊ, विचारूनच घ्या. त्यांच्यासाठी सुत्लाच, तांदळाची खीर, मात्र भट्टीत वरून भाजलेल्या सुत्लाचमध्ये कधी अंड्याचा बलक असतो. लोकुम, म्हणजे टर्किश डिलाइट, चालेल, ते जिलेटिनचं नसतं, स्टार्च आणि साखरेचं असतं. चहा बिनदुधाचाच मिळेल, कडक वाटला तर 'आचक' म्हणा, फिका करून देतात.